ओट्यावरचा दिवा

निशातगंजच्या त्या भाड्याच्या घरात स्वयंपाकाच्या ओट्यावर एक दिवा होता. घरातलं कुठलंही बटण दाबा, तो लागायचा नाही. रोज सकाळी मात्र आपोआप दोनदा लुकलुकायचा. बायको म्हणाली, "शेजारच्यांनी आपल्या लाइनीतून वायर ओढलीय." मला ते पटलं. नव्या शेजाऱ्यांशी बोलायचंच मी टाळू लागलो.

एका सकाळी मागच्या दाराआड दबा धरून उभा राहिलो आणि दिवा लुकलुकताच दार उघडलं. बाहेर दुधाचे डबे लावलेली सायकल होती आणि खांद्यावर गमछा टाकलेला एक म्हातारा. त्याचा अंगठा खिडकीखालच्या एका बटणावर होता. ते बटण आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

मी काही विचारण्याआधी त्यानेच मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आप कौन?"

त्यालाही माझा संशय आला होता. मी नवा भाडेकरू, असं सांगितलं.

"बहनजी को सुनाई नहीं देता," तो म्हणाला. "हमारे लिए ये बत्ती लगवाई थी. गाँव से लौटे हैं तब से रोज दबाते हैं, बर्तन लेकर निकलती ही नहीं. नाराज हैं क्या?"

आमच्या आधी इथे राहणाऱ्या बहनजी वारल्या म्हणूनच घर रिकामं झालं होतं. मी तसं सांगितलं.

"अच्छा," तो म्हणाला. हातातलं माप त्याने डब्यात ठेवलं, झाकण नीट बसवलं. मग दारात मी उभा असतानाही बटण गमछ्याने पुसून पुन्हा एकदा दाबलं.

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, लागला बघा परत."