सतरा अँपिअर

परवा इस्त्रीचा प्लग तापल्याचा वास आला आणि इंदापूरजवळच्या आमच्या शाळेचा नव्वदच्या दशकातला मांडव आठवला. प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं. पाहुणे आमदार उजळ दिसावेत म्हणून संध्याकाळी हजार वॉटचे चार हॅलोजन लावले होते. मी विज्ञान शिकवायचो. चार हजार वॉट भागिले दोनशे तीस व्होल्ट, म्हणजे सतरा अँपिअर. वायर पाच अँपिअरची, मांडवाच्या कापडाला टेकलेली. खाली सातवीची मुलं.

"फ्यूज?" मी मांडववाल्या आबांना विचारलं.

"सारखा उडत व्हता, सर. जाड तार घातलीया. आता न्हाय उडायचा."

वायरला हात लावला तर चटका बसला. मी मेन स्विच पाडला.

"लोडशेडिंग," म्हणत पाहुणे विरोधकांवर घसरले.

तेव्हा मला आगीपेक्षा मुख्याध्यापकांची भीती जास्त वाटली होती. आज त्या भीतीचीच भीती वाटते.