बिनपाटीची गाडी

मास्तरांनी आयुष्यभर गाडी शिकवली. म्हणजे स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि आपण शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, पायाखाली तो जादा ब्रेक ठेवून. त्यांची ती छोटी पांढरी गाडी अख्ख्या गावाच्या ओळखीची. टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, मागच्या काचेवर पाटी, पुढं-मागं शिकाऊचं लाल अक्षर. ती दिसली की मागचे हॉर्न मारायचे आणि पुढचे घाबरून बाजूला व्हायचे. मास्तरीणबाईंना बाजारात जायचं असो की कुणाच्या लग्नाला, जायचं ह्याच गाडीतून. त्या म्हणायच्या, "संसार होऊन केस पिकले, तरी लोकांना वाटतं मी अजून शिकतेच आहे. एकदा तरी बिनपाटीच्या गाडीत बसवा हो!"

मास्तरांचा एक नेम होता, त्याला ते 'फेरी' म्हणायचे. कितीही मोठा माणूस शिकायला येवो, पहिल्या दिवशी किल्ली मिळायची नाही. आधी गाडीभोवती फिरायचं. टायर बघायचे, दिवे बघायचे, दारं बघायची, आणि डोळ्यांनी नाही, हात लावून. "फेरी न मारता गाडीत बसणारा आणि न बघता विहिरीत उडी मारणारा, दोघं एकाच माळेचे मणी," हे वाक्य त्यांनी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्या नवरीला रस्त्यावर उभी करून हा माणूस आधी गाडीभोवती फिरून आला होता. मास्तरीणबाई हे सगळ्यांना हसत सांगायच्या.

मग त्या हसणाऱ्या बाईच्या पाठीच्या कण्यात आजार शिरला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. दिवस थोडे आहेत, म्हणाले, आणि दुखणं मोठं आहे. बसवलं तर दुखायचं, उठवलं तर दुखायचं, पण सगळ्यात वाईट होता तो गाडीचा धक्का. पांढऱ्या गाडीतून दवाखान्यात नेताना प्रत्येक खड्ड्याला त्या शालीचं टोक दातांखाली धरायच्या. एकदा अँब्युलन्स बोलावून पाहिली. ती तर आणखी शहाणी! तिनं वाटेतच त्यांना इतकं रडवलं, की पुन्हा नाव काढायचं नाही असं ठरलं.

आणि बाईंना हवं होतं एकच. धाकट्या बहिणीकडं जायचं होतं. ती चार तासांच्या वाटेवर राहायची, खुब्याचं हाड मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत, घराबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. आई लवकर गेलेली, तेव्हा हिनंच तिला कडेवर वाढवलेलं. रोज फोन व्हायचा, पण फोनचं काय? "एकदा तिच्या शेजारी झोपायचंय आणि रात्रभर बोलायचंय," बाई म्हणायच्या. "मग मला काही नको."

दवाखान्यासमोरच मोठ्या गाड्यांचं एक शोरूम होतं. काचेमागं एक विजेवर चालणारी गाडी उभी असायची, बड्या लोकांची, आरशासारखी चकचकीत. एक दिवस मास्तर सहज आत शिरले. तिथली विक्री सांभाळणारी ताई भली होती. त्यांनी सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "काकूंना घेऊन या, एक चक्कर मारू." बाईंना मागच्या सीटवर अर्धवट आडवं केलं. ताईनं गाडी दवाखान्यामागच्या रस्त्यावर घातली. तो रस्ता म्हणजे नुसती चाळण. गाडी त्यावरून अशी गेली, की मास्तरांनी मान वळवून मागं पाहिलं तर बाईंचे डोळे मिटलेले. त्यांनी घाईघाईनं बाईंच्या नाकापाशी हात नेला. बाईंनी एक डोळा उघडला. "गप्प बसा हो. किती दिवसांनी झोप लागतीये."

मास्तरांनी त्याच दिवशी तसली गाडी नोंदवली. त्यासाठी ड्रायव्हिंगची शाळा विकली, जागेसकट, नावासकट. लोक म्हणाले, नाकापेक्षा मोती जड. म्हणू देत. पांढरी गाडी तेवढी कुणी घेतली नाही, ती उरली. चक्कर मारलेली ती गाडी एक दिवस द्या म्हणून त्यांनी ताईचे पाय धरायचे बाकी ठेवले, पण ती गावाबाहेर न्यायची परवानगी नव्हती, आणि तसली गाडी भाड्यानं कुठं मिळत नव्हती. म्हणजे आता वाट बघणं आलं.

गाडी मात्र सांगितलेल्या मुदतीच्या आधीच आली! नशीब कधी कधी आपणहून दार ठोठावतं, ते असं. सकाळपासून बाई नवे कपडे घालून खिडकीतल्या खुर्चीत बसल्या. दुखण्याचं औषध घेतलं, बॅग पायाशी ठेवून घेतली. बहिणीला फोन केला, "संध्याकाळी पोचते गं. जागी राहा." मास्तर पांढऱ्या गाडीतून एकटेच शोरूमला गेले.

गाडी समोर उभी होती, निळी, बाईंनी निवडलेली. ताईनं किल्ली पुढं केली. मास्तरांनी ती घेतली नाही. त्यांनी फेरी सुरू केली.

पुढून झालं, डावीकडून झालं, मागून झालं. उजव्या बाजूच्या मागच्या दारापाशी त्यांचं बोट थांबलं. दार आणि पत्रा यांच्यामधली फट वर बारीक होती आणि खाली किंचित रुंद. त्यांनी पुन्हा नख फिरवलं. पुन्हा तेच.

"सर, चालवताना कळणारसुद्धा नाही," ताई म्हणाली. "आज घेऊन जा. परत आलात की दार नीट बसवून देते, माझी जबाबदारी."

"नवी गाडी आणि तिला ठिगळ?" मास्तर म्हणाले. "दुसरी द्या."

"दुसरी जहाजानं येते हो सर. वेळ लागेल."

"लागू दे."

अहो मास्तर! बायको खिडकीत बसलीये, डोळे रस्त्याला लागलेत, आणि तुम्ही नखभर फटीपायी हातातोंडाशी आलेला घास परत पाठवता? चीड येते या माणसाची. पण खरं सांगायचं तर त्यांच्या मनात बाईच होत्या. बाईंची पाठ नेमकी त्याच दाराला टेकणार होती. वाटेत वारा शिरला, दार खडखडलं, तर? हे एक. आणि दुसरं म्हणजे, सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, असा तो स्वभाव. दोन्ही खरं होतं, आणि त्यात भोगलं कुणी, तर तिनं.

पांढऱ्या गाडीचा आवाज बाईंनी घरात बसूनच ओळखला. मास्तर आत आले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

"किती वाकडं होतं?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी नख दाखवलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "ती बॅग तेवढी आत नेऊन ठेवा. समोर नको."

त्यानंतर जे सुरू झालं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. आधी जहाज निघायचं होतं. मग निघालं, तर बंदरात अडकलं. मग कसला तरी सुटा भाग कमी पडला. मास्तर रोज शोरूम उघडायच्या आधी फोन करायचे. ताई त्यांचा आवाज ऐकायच्या आधीच म्हणायची, "नाही हो सर, अजून नाही." मास्तर ओरडले, भांडले, मग गयावया करायला लागले. "मला ती पहिलीच द्या. दार नसलं तरी चालेल, मी हातानं धरून बसेन!" पण ती दुसऱ्याच दिवशी गेली होती. रांगेतल्या पुढच्या माणसानं डोळे झाकून घेतली होती. मास्तर शोरूमला जाऊन काचेला नाक लावून उभे राहायचे. जसं काही बघून बघून गाडी आत उगवणार होती!

इकडं औषध वाढत गेलं. दुखणं दबायचं, पण त्याबरोबर बाईही दबायच्या. आधी दिवसभर बोलायच्या त्या सकाळपुरत्या बोलायला लागल्या. मग फोन कानाला लावून नुसत्या ऐकायच्या. मग तेही नाही. धाकटी फोनवर विचारायची, "भावोजी, आज जागी आहे का?" मास्तर म्हणायचे, "आत्ताच डोळा लागलाय गं," आणि फोन ठेवून भिंतीवर मूठ आपटायचे. त्यांना झोप यायची नाही, अन्न जायचं नाही. जाता-येता स्वतःचंच अंगठ्याचं नख बघत बसायचे.

एके दुपारी औषधं घेऊन येताना ते सिग्नलला थांबले. शेजारी एक निळी गाडी आवाज न करता येऊन उभी राहिली. मास्तरांची नजर आपसूक मागच्या दारावर गेली. वर बारीक, खाली रुंद.

त्यांनी पांढरी गाडी रस्त्याच्या मध्ये तशीच चालू सोडली आणि खाली उतरले. मागं हॉर्नचा नुसता कल्ला. ते निळ्या गाडीची काच ठोकायला लागले. काच खाली आली. आत दातांची डॉक्टरीण. रिव्हर्स जमत नाही म्हणून तीनदा नापास झालेली, मास्तरांचीच विद्यार्थिनी.

"अगंबाई, मास्तर! तुम्ही? अजून रिव्हर्सला घाबरते हं मी." मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला. "काय झालं? कुठं घासली का मी?"

मास्तरांनी दाराकडं बोट दाखवलं आणि भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागले.

बाजूला घेऊन तिनं सगळं ऐकलं. ती फट तिला आजवर दिसलीच नव्हती. ती एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी माझा दवाखाना बंद ठेवते. मी चालवते, तुम्ही काकूंकडं बघा."

सकाळी शेजारच्या चौघांनी खुर्चीसकट बाईंना खाली आणलं आणि मागं निजवलं. सवयीनं मास्तरांनी फेरी सुरू केली. पुढच्या दिव्यापर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. दार लावताना बाईंच्या मिटल्या डोळ्यांखाली ओठ हलले.

"झाली फेरी?"

"नाही मारली," मास्तर म्हणाले.

"बाई बाई!" त्या म्हणाल्या, आणि किंचित हसल्या.

त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. डॉक्टरीण सांभाळून चालवत होती, तरी प्रत्येक वळणाला मास्तरांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. पुन्हा पुन्हा मान वळवून ते मागं बघत होते. बाईंच्या कपाळावर एक आठी नव्हती. धाकटीच्या गल्लीत गाडी उलटी घ्यावी लागली, तर मास्तर खाली उतरून हात हलवायला लागले, "सरळ करा... थोडं वळवा... येऊ द्या, येऊ द्या..."

धाकटी दारातच खुर्चीत बसली होती. बाईंना उतरवायचं धाडस कुणी केलं नाही. मागचं दार उघडलं आणि तिची खुर्ची तिथंच लावली. तिनं हात हातात घेतला. "ए ताई, मी गं. बघ ना, आलीस तू." ती लहानपणच्या गोष्टी सांगत राहिली, हसली, रागावली, थोपटत राहिली. बाई झोपूनच होत्या. दुपार कलताना त्यांनी एकदा डोळे उघडले. बहिणीच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा मिटले.

"भावोजी," धाकटी म्हणाली, "मला ओळखलं ना हो तिनं?"

"ओळखलं," मास्तर म्हणाले.

"त्या दिवशी फोनवर किती खुशीत होती! रात्रभर बोलू म्हणाली. मी दोन पलंग जोडून ठेवले होते." ती डोळे पुसत म्हणाली, "अजून तसेच आहेत. वेगळे करायला हात होईना."

मास्तर गाडीच्या पलीकडं जाऊन उभे राहिले.

बाई गेल्या त्या पुढच्याच आठवड्यात, स्वतःच्या घरी, झोपेत.

आणि मग शोरूममधून फोन आला. ताईला काही माहीत नव्हतं. आवाजात आनंद मावत नव्हता. "आली हो सर, आली एकदाची! चारही दारं मी स्वतः तपासलीत." मास्तर गेले. तिथले सगळे काम सोडून रांगेत उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. गाडी निळी, आणि कुठं म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती.

"या सर, मारा फेरी," ताई म्हणाली. "काकू कुठंयत?"

मास्तरांनी सांगितलं. ताईच्या हातातली किल्ली हातातच राहिली.

"चालवा तुम्ही," मास्तर म्हणाले. त्यांनी गाडीकडं नीट पाहिलंही नाही. मागचं दार उघडलं आणि बाई आडव्या झाल्या होत्या तसे आडवे झाले, पाठ दाराला टेकवून. "दवाखान्यामागच्या रस्त्यानं घ्या."

पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते.

"लागत नाही गं," ते म्हणाले. "खरंच, काही म्हणता काही लागत नाही."

ताईनं आरशात पाहिलं. रस्ता संपल्यावर तिनं काही न विचारता गाडी वळवली आणि परत त्याच खड्ड्यांवरून नेली.