हातचा न राखणारी

पेन्सिलीला दोन्ही बाजूंनी टोक काढायची. 'समजलं का?' असं कधी विचारायची नाही, 'कुठे अडलं?' असं विचारायची. उत्तर आलं की त्याखाली दोन रेघा, दुसरी पहिलीपेक्षा जोरात. शून्याला 'बिचारं' म्हणायची. चूक सापडली की आधी हसायची, मग खोडायची. आणि समोर दुसऱ्या कुणाचं कौतुक चाललं की डाव्या कानाची पाळी ओढत बसायची. कान लालबुंद व्हायचा.

तिला सगळे कंपास म्हणतात. नाव वडिलांनी ठेवलेलं. पाय लांब, चाल ताठ, वळताना एक पाय रोवून दुसरा फिरवल्यासारखी वळते. वडिलांचं खाली किल्ल्या करून देण्याचं दुकान. वर आमची दोन बिऱ्हाडं समोरासमोर. ती यंदा दहावीला. मी साहित्यात पदवी घेऊन घरी बसलेली. गणिताशी माझं जुनं वैर. पण चांगलं नेट आमच्याकडे होतं, म्हणून त्यांच्या वर्गाची उजळणी माझ्या खोलीत भरायची.

उजळणी म्हणजे मुलांनीच मुलांची घेतलेली. संध्याकाळी सगळे आपापल्या घरून ऑनलाइन जमायचे. ज्याला जे येतं त्याने ते सांगायचं, असं ठरलेलं. प्रत्यक्षात सगळं कंपासच सांगायची. माझ्या कादंबऱ्यांचे दोन ढीग, त्यांवर आडवी फूटपट्टी, पट्टीवर फोन, कॅमेरा खाली कागदावर. पलीकडच्यांना फक्त तिचा हात दिसायचा.

"ताई, तुझी पुस्तकं शेवटी कुणाच्या तरी कामाला आली," ती म्हणायची.

"कंपास, हे परत सांग ना. माझं डोकं आज सुट्टीवर आहे," वर्गातला गोलकीपर म्हणायचा.

"तुझं डोकं कामावर रुजू कधी झालं होतं?"

सगळे हसायचे. मग ती परत सांगायची. वेगळ्या शब्दांत, न कंटाळता. तिने कधी हातचा राखला नाही. स्वतःला सापडलेली सोपी पद्धतसुद्धा लगेच वाटून टाकायची. मला वाटायचं, हा स्वभाव. हिचं मन मोठं.

मग वर्षाच्या मध्येच वर्गात एक मुलगी आली. सगळे तिला नवी म्हणू लागले, आणि ती जुनी झाली तरी ते नाव तसंच राहिलं. नवीचा आवाज मऊ होता. तिच्याकडे पडद्यावर लिहायचं पेन होतं. समीकरणाची एक बाजू निळी, दुसरी हिरवी. पद इकडून तिकडे गेलं की रंग बदलायचा, चिन्हही बदलायचं.

"अरे, मला कळलं!" गोलकीपर ओरडला. "आयुष्यात पहिल्यांदा!"

कंपासचा हात कानाकडे गेला.

त्यानंतर प्रश्न हळूहळू दुसरीकडे वळले. 'कंपास, सांग ना' च्या जागी 'नवी, तू सांग ना' येऊ लागलं. कंपास गप्प बसून ऐकायची. नवी बोलत असताना तेच गणित कागदावर भराभर सोडवायची, एक पायरी कमी करून.

"बरोबर आहे," ती म्हणायची, "पण लांबण लावलंय."

"लांब असू दे गं, पण कळतंय," पलीकडून कुणीतरी म्हणायचं.

एका संध्याकाळी फोन ठेवून तिने मला विचारलं, "ताई, रंगीत केलं म्हणून गणित सोपं होतं का?"

"मला नको विचारू. मला ते कोणत्याच रंगात येत नाही."

"सगळी दिखाऊगिरी."

"तुझ्या पोटात दुखतंय."

"माझ्या? मी फक्त तिचं तपासते."

तिच्या वडिलांनी एकदा जिन्यात हे ऐकलं. "कंपासबाई, एका किल्लीनं सगळी कुलपं उघडत नाहीत," ते म्हणाले. "उघडायला लागली तर माझं दुकान बंद होईल." ती हसली नाही. तिला मार्कांची फिकीर नव्हती. नवीचे तिच्यापेक्षा कमीच असायचे. तिला हवं होतं ते एवढंच, की अडलेल्याने आधी तिला हाक मारावी. ते गेलं होतं. ती नवीला अगदी पाण्यात पाहू लागली. तिचा मऊ आवाज काढून दाखवायची. हुबेहूब काढायची, त्यामुळे मलाही हसू यायचं.

भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी दुपारी, माझ्या खोलीत, तिचा फोन वाजला. नवी. एकटीच.

"कंपास, स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय मला कळतच नाही गं. पाठ केलंय. पण आकृतीतली अक्षरं बदलली की फसते. तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

कंपासने माझ्याकडे पाहिलं. तसा उजळलेला चेहरा मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. तिने फूटपट्टी लावली, कागद सरळ केला.

"पाठ कशाला करायचं? बघ. बाहेर एक बिंदू. तिथून एक रेषा वर्तुळाला नुसती टेकते, दुसरी आरपार जाते. दोन त्रिकोण दिसतात?"

"एकच दिसतो."

"दुसरा त्याच्या पोटात आहे. लहान घे, उचल, उलटा कर. आता?"

"अय्या!"

मलाही दिसला. मला, जिने भूमितीच्या तासाला फक्त कविता वाचल्या. बाहेरच्या बिंदूपाशी कोन दोघांत सामाईक. दुसरे कोन समान. त्रिकोण समरूप. ती लिहीत होती, दोन्ही टोकं आलटून पालटून वापरत. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

"किती सोपं केलंस!" नवी म्हणाली. "थांब, मी हे रंगवते. संध्याकाळी सगळ्यांना मीच समजावते."

पेन्सिल थांबली.

"पुढे?" नवीने विचारलं.

"आवाज तुटतोय गं," कंपास म्हणाली. "नेट जातंय इकडे."

तिने फोन बंद केला. कोपऱ्यातल्या राउटरचे सगळे दिवे हिरवे होते. आम्ही दोघींनी ते पाहिले.

"मी जरा खाली जाऊन येते," ती म्हणाली.

संध्याकाळी उजळणी भरली. नवीने प्रमेय रंगवून आणलं होतं. लहान त्रिकोण उचलला, उलटा केला, मोठ्याशेजारी ठेवला. सगळे वा वा म्हणाले. कंपासचा कान लाल झाला. मग नवी थांबली.

"इथपर्यंत मला कंपासनं शिकवलंय. हे सगळं तिचंच आहे. तिचं नेट गेलं, म्हणून पुढचं राहिलं. कंपास, आता तूच सांग."

"हां, कंपास, सांग ना," गोलकीपर म्हणाला.

"सांग ना गं," बाकीचे म्हणाले.

तिने दुपारचा कागद पट्टीखाली सरकवला. माझ्याकडे पाहिलं नाही. समरूप त्रिकोणांच्या ओळीखाली तिने 'म्हणून' असं लिहिलं. पेन्सिल त्या शब्दापुढे टेकली आणि तिथेच राहिली.

"कंपास? दिसतंय आम्हाला. पुढे लिही."

"कुणीतरी पुस्तकात बघा," ती म्हणाली आणि पट्टीवरचा फोन उचलून बंद केला.

परीक्षा होऊन गेल्या. कादंबऱ्या मी परत कपाटात लावल्या. कागद टेबलावरच आहे, 'म्हणून' पर्यंत लिहिलेला.