रत्नम्माची जबानी

उदगीरच्या रत्नम्माकडे खणाचं पोलकं शिवायला टाकायचं, तर लग्नसराईच्या दोन महिने आधी जावं लागे. तिच्या हाताची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. दोन्ही बाह्यांचे काठ ती असे जुळवायची की बाई हात जोडून उभी राहिली तर काठाची रेघ या दंडावरून त्या दंडावर सरळ गेलेली दिसावी. नवरा चन्नबसप्पा तेलाच्या गिरणीत होता, तो तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासू उमाबाईचे पाय गेलेले. सासू खाटेवर आणि सून मशीनवर, असा त्या दोघींचा संसार होता.

मी तेव्हा लातुरात नवीन वकील होतो. जिल्हा होऊन दीड वर्ष झालं होतं. जो तो म्हणायचा, आता कामासाठी उस्मानाबादच्या खेपा नकोत. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या. आमच्यासारख्या पोरगेल्या वकिलांनाही वाटायचं, आपलेही दिवस आले.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमधली गोष्ट. उदगीरचे अडत व्यापारी महादेवप्पा यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यांची बायको शिवगंगा लातूरला कापड घ्यायला निघाली आणि पारख करायला म्हणून तिनं रत्नम्माला सोबत घेतलं. घरची अॅम्बॅसिडर होती, मारोती ड्रायव्हर. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला. मारोतीनं गाडी थांबवली. मेंढरं निम्मी रस्त्यापलीकडं गेली असतील नसतील, तोच मागून आलेला ट्रक डिकीवर आदळला.

रत्नम्मा मागच्या सीटवर होती. मान आधी मागं गेली, मग पुढं. रक्त नाही, खरचटलंसुद्धा नाही. शिवगंगाला तर हसूच फुटलं, "देवानं वाचवलं गं!" मारोती आणि ट्रकवाल्याची बाचाबाची झाली, पोलिसात नोंद झाली, आणि डिकी दोरीनं बांधून गाडी लातूरला आली. रत्नम्मानं चहा घेतला, चार दुकानं फिरून खण निवडले आणि संध्याकाळी घरी परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरून डोकं उचलता येईना.

लातूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाडं शाबूत. "आतले स्नायू ताणलेत, शिरा दुखावल्यात," ते म्हणाले, "हे फोटोत येत नाही." त्यांनी गळ्याला पट्टा दिला. पट्टा गळ्यातल्या इष्टलिंगाच्या दोऱ्यावर दाबायचा, म्हणून तिनं दोरा लांबवून लिंग खाली छातीशी घेतलं. गल्लीतल्या बाया तिला 'पट्टेवाली' म्हणू लागल्या. कलेक्टर कचेरीत लागली का गं, असं विचारून हसायच्या. तीही आधी हसायची.

पण मान खाली घालून दहा मिनिटं मशीनवर बसलं की हाताला मुंग्या यायच्या, डोळ्यांपुढं अंधारी यायची, सुईत दोरा जायचा नाही. महादेवप्पांच्या मुलीची पोलकी तिनं कशीबशी शिवली. लग्नात शिवगंगा तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "रत्नम्मा, काठ हुकला की गं." त्यानंतर रत्नम्मानं नवीन काम घेतलं नाही.

वर्षभर वाट पाहून मान सरळ होईना, तेव्हा मारोतीच तिला माझ्याकडं घेऊन आला. दार ओलांडताना ती अख्खी वळली, मान नाही.

"शरणु, वकीलसाहेब," ती म्हणाली. "मला भीक नको. माझा हात गेला, त्याचं कायतरी बगा."

मी अपघाताचा दावा लावला. ट्रकला विमा होता. तारखा पडत गेल्या. ती दर तारखेला एसटीनं यायची. खड्ड्यात गाडी आदळली की कळ मस्तकात जाते, म्हणून ती उभ्यानंच यायची, दोन्ही हातांनी दांडा धरून. मी तिला अक्का म्हणू लागलो होतो.

तिची साक्ष निघाली ती शहाऐंशीच्या मे महिन्यात. तोवर दुष्काळानं उदगीर सुकवून टाकलं होतं. आड आटले, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, गल्लीत तीन दिवसांनी टँकर. आदल्या दिवशी मी तिची तयारी करून घेत होतो.

"अक्का, पाणी कोण भरतं असं विचारतील. शेजारीण भरते म्हणायचं."

"पण मीच भरते की."

"कोर्टात तसं सांगायचं नसतं."

तिनं गळ्याचा पट्टा सारखा केला. मला वाटलं, समजली.

दुसऱ्या दिवशी ती पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ घेताना तिनं पदराआड लिंग मुठीत धरलेलं मला दिसलं. माझे प्रश्न नीट पार पडले. अपघात, दुखणं, बंद पडलेलं मशीन, सगळं तिनं स्वच्छ सांगितलं. मग विमा कंपनीचे वकील उठले. वयस्कर, मवाळ गृहस्थ. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"बाई, अपघाताच्या दिवशी तुम्ही बाजार केला?"

"हाव. तवा दुखत नव्हतं."

"घरात पाणी कोण भरतं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं.

"मीच भरते."

"तीन दिवसांपूर्वी टँकर आला होता?"

"आला होता."

"किती घागरी आणल्या?"

"दोन."

"डोक्यावर?"

"एक डोक्यावर, एक कमरंवर. पर साहेब..."

"एवढंच विचारलंय, बाई."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "फेरतपासणी?"

म्हणजे मला पुन्हा प्रश्न विचारायची मुभा होती. एकच प्रश्न पुरला असता. का आणल्या? पण मी तिच्यावर चिडलो होतो. एवढं शिकवून ठेवलं आणि हिनं वर्षाची मेहनत दोन घागरींत बुडवली, हेच डोक्यात होतं.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली ती बसली होती. मला पाहून तीच म्हणाली, "साहेब, तुमी मला इचारलं का न्हाई, का उचलली म्हणून?"

"काय सांगितलं असतं?"

मग तिनं सांगितलं. टँकर आला की घराला दोन घागरी. घरातलं माणूस रांगेत पाहिजे, दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी कोणी कोणाला नेऊ देत नाही. शेजारणीला सांगून पाहिलं होतं, तर भांडण झालं. पहिल्या खेपेला एकच घागर आणली. सासू खाटेवरच सगळं करते, तिचं धुणं, पुसणं, प्यायला पाणी एका घागरीत भागत नाही. म्हणून दोन. पाणी आणलं की ती दिवसभर फरशीवर उताणी पडते. रात्र जाते, दुसरा दिवस जातो. वेणी घालायला हात वर जात नाही. ती खाटेला टेकून खाली बसते आणि सासू चाचपडत तिचे केस विंचरते.

"अव्वा तवा रडती," ती म्हणाली. "म्हणती, मी मेले तर तुला एक घागर पुरंल."

मी उभाच राहिलो. आत दुसरी केस पुकारली होती. आता ते सांगून उपयोग नव्हता.

निकाल दिवाळीनंतर लागला. अर्जदार डोक्यावर पाण्याची घागर वाहते हे तिच्याच तोंडून आलं आहे, सबब मान कायमची अधू झाल्याचं शाबीत होत नाही. औषधाचा आणि फोटोचा खर्च तेवढा मंजूर.

निकाल सांगायला मी स्वतः उदगीरला गेलो. उमाबाई खाटेवर नव्हती. आश्विनातच वारली होती. कोपऱ्यात घागर एकच होती. मशीनवर चादर टाकलेली.

मी म्हणालो, "अक्का, औरंगाबादला अपील करू. माझी फी नको मला."

"तिथं मला इचारतील का?"

"नाही. तिथं साक्ष होत नाही. इथं जे लिहिलंय तेच वाचतात."

तिनं मशीनवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या. माझं तर लिहिलंच न्हाई."

रागानं बोलली असती तर मला सोसलं असतं. तिनं चहा टाकला. कपाला बशी दिली. जाताना चौकटीपर्यंत आली आणि म्हणाली, "सांभाळून जावा, साहेब. गाडी लई भरलेली असती."

मशीन तिनं पुढं गल्लीतल्या एका नव्या सुनेला दिलं. बसस्टँडाच्या रस्त्याला फळी मांडून रिळं, बटणं, हुक विकायला बसू लागली. सात-आठ वर्षांनी एका तारखेला उदगीरला गेलो होतो, तेव्हा ती दिसली. केस कापलेले होते, खांद्याच्या वर. गळ्याला पट्टा नव्हता. मागून कोणीतरी हुक मागितले, तर ती बसल्या जागी अख्खी फिरली आणि हुकाचा पुडा काढून दिला. त्या बाईनं पोलक्याचं कापड दाखवून काहीतरी विचारलं. रत्नम्मानं कापड हातात घेतलं, काठावरून अंगठा फिरवला आणि घडी घालून परत केलं.

मी दहा-पंधरा पावलांवर उभा होतो. हाक मारली नाही. लातूरची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसलो. पण ती काही शेवटची गाडी नव्हती.