कोरियातल्या जावा

काशीदच्या किनाऱ्यावर एक कोळीण मला रोज भेटते. जाळ्यात मासळी येईनाशी झाल्यापासून ती दोरांवर खायचं शेवाळ वाढवते. शेवाळशेतीच्या शिबिरात फिल्ममध्ये पाहिलेल्या कोरियन बायकांबद्दल ती जावांबद्दल बोलावं तशी फणकाऱ्यानं बोलते. "तेंच्या आज्यांनी उथल पान्यात बांबू रोवून शेवाल धरलं. बालंतिनीला कालवन तेचंच. आन् आमी ते खत म्हनून नारलाच्या बुंद्याशी टाकीत रायलो!"

गावात मात्र तिचं शेवाळ कुणी तोंडात घालेना. यंदा तिनं कोरियातल्यासारखे त्याचे पातळ पापड थापले आणि सवयीनं बोंबलांच्या जाळीवर वाळत घातले. सगळ्या पापडांना बोंबलाचा वास लागला. मला वाटलं, आता ही हात टेकणार. तिनं एक पापड हुंगला, चुलीवर भाजला आणि नाक मुरडणाऱ्या शेजारणीच्या भाकरीवर ठेवला. शेजारणीनं तो खाल्ला आणि पुन्हा ताट पुढं केलं.

काल तीच शेजारीण हिच्या अंगणात पापड थापत होती. मला पाहताच ही ओरडली, "कोरियात तुजी कोन वलक हाय का? आमच्या जावांना सांग, आदी जालीवर बोंबील वालवा, मंग शेवाल!"