वस्तादांची वीस पावलं

माझ्या सासऱ्यांनी मला मुलगी दिली ती मी पैलवान आहे अशा समजुतीनं. ही समजूत मी करून दिली नव्हती. माझी छाती आणि माझा फेटा या दोघांनी मिळून ती करून दिली होती. लग्नानंतर चौथ्याच महिन्यात त्यांनी मोठ्या हौसेनं आपल्या पेठेतल्या मैदानात माझी कुस्ती लावली. समोरचा गडी माझ्या निम्म्या वजनाचा. हलगीवाल्यानं टिपरी उचलली, आणि ती हलगीवर पडायच्या आत मी पाठीवर पडून आभाळ बघत होतो. सासऱ्यांनी फेटा सारखा केला आणि शेजारच्याला पाऊसपाण्याचं विचारलं.

तोपर्यंत सासुरवाडीला माझ्या ताटात तूप तांब्यानं पडायचं. नंतर ते पळीनं पडू लागलं, आणि पुढच्या दिवाळीला चमच्यानं. सासरे गुळाचे अडते, शेलकं बोलणारे. कुणी घरी आलं की माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचं जावई. तालमीत असत्यात." समोरचा कौतुकानं विचारायचा, "म्हंजे कुस्ती करत्यात?" सासरे शांतपणे म्हणायचे, "न्हाय. असत्यात."

हे मला फार लागायचं. एकदा, आयुष्यात फक्त एकदा, या माणसाच्या डोळ्यांदेखत मला जिंकायचं होतं. कशातही चाललं असतं. आणि तसा योग एका इंग्रजामुळं आला.

तेव्हा महाराजांना गादीवर येऊन बरीच वर्षं झाली होती. कोल्हापुरात कुस्तीला सोन्याचे दिवस होते, पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीत चुरस. कॅम्पात राहणारा एक इंजिनेर साहेब विलायतेला परत गेला आणि जाताना त्यानं सामानातला अडगळीचा भाग आपल्या गाडीवानाला देऊन टाकला. गाडीवान आमच्या तालमीतला. एका सकाळी तो एक पेटी घेऊन आला. पेटीत हातभर उंचीच्या, कंबरेत बारीक अशा नऊ लाकडी बाहुल्या आणि नारळाएवढे तीन लाकडी गोळे. भिंतीपाशी बाहुल्या मांडायच्या, लांब उभं राहायचं, गोळा जमिनीवरून घरंगळत सोडायचा आणि बाहुल्या पाडायच्या. साहेबलोक संध्याकाळभर हेच करायचे, असं त्यानं सांगितलं.

"तालमीत बाहुल्या?" वस्ताद गरजले. "गडी म्हना त्यास्नी. नऊ गडी."

आमचे वस्ताद सत्तरीला आलेले. एके काळी त्यांचं नाव निघालं की भल्याभल्यांचं जेवण कमी व्हायचं. जातीनं मुसलमान, पण तालमीचा गणपती त्यांच्या हाताशिवाय पाटावर बसत नसे आणि मोहरमचा पंजाही त्यांच्याशिवाय उठत नसे. तालमीतली सगळी मापं त्यांच्या अंगावर होती. कुस्तीच्या हौद्याची लांबी त्यांच्या पसरल्या हातांच्या वावेनं, मातीत घालायची हळद त्यांच्या ओंजळीनं, आणि जोर किती मारायचे ते त्यांच्या मर्जीनं. त्यामुळं गोळा किती लांबून सोडायचा, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडंच पाहिलं.

गाडीवान म्हणाला, "सायेब फुटानं मोजायचा."

"फूट कुनाचं? सायबाचं. त्यो गेला की बोटीत बसून," वस्ताद म्हणाले. "आता पावलं माझी. वीस."

ते भिंतीपासून निघाले, वीस ढांगा टाकल्या आणि अंगणातल्या चिंचेच्याही पलीकडं काठीनं मातीत रेघ मारली. झाला नियम. अंगण रोज झाडून, पाणी मारून साफ व्हायचं, त्यामुळं रेघ रोज पुसायची आणि वस्ताद रोज सकाळी नव्यानं वीस पावलं मोजून ती मारायचे.

महिन्याभरात ही बातमी सासऱ्यांच्या पेठेत गेली. तिथल्या तालमीनं सुतार गाठून तसेच नऊ गडी करून घेतले. अंतराचं माप न्यायला माझा मेव्हणाच आला. येताना काथ्याची दोरी घेऊन आला होता. वस्तादांनी पावलं मोजली, त्यानं तेवढ्या दोरीला गाठ मारली आणि म्हणाला, "दाजी, आता आमी दोरीनं मोजनार, रोज वस्ताद कुठनं आनायचं?" आम्ही त्याला खूप हसलो. वस्ताद असताना दोरीनं मोजायची वेळ आली म्हणून आम्हाला त्या पेठेची कीव आली.

मी या खेळाला जीव लावला. कुस्तीत समोरचा गडी उलटा हात घालतो, इथले नऊजण जागचे हलत नाहीत, एवढं एक सुख होतं. पण पहिले सहा महिने मला दोनाच्या वर गडी पडले नाहीत. माझ्या गोळ्याला एक खोड होती. हातातून सुटला की नाकासमोर जायचा, आणि गडी चार-पाच हातांवर आले की त्याला डावीकडं काहीतरी काम आठवायचं. वस्तादांनी सगळे उपाय केले. मनगटाला चिंधी बांधली, बदाम वाढवले, गोळ्यावरून लिंबू उतरवलं. गोळा डावीकडंच.

आणि मग, दुसऱ्या वर्षी, मला जमू लागलं. आधी तीन पडले, मग पाच. उन्हाळ्यात सात. त्यानंतर असा दिवस आला की तीन गोळ्यांत नऊच्या नऊ आडवे झाले, आणि मग रोजच होऊ लागले. बदाम लागू पडले असं वस्ताद म्हणाले. मला वाटत होतं की माझ्या अंगातच काहीतरी होतं, ते जरा उशिरा वर आलं. मी गोळा सोडून झाल्यावर गड्यांकडं न बघता मिशीला पीळ द्यायला शिकलो. फक्त एकच त्रास होता. पूर्वी मी चिंचेच्या सावलीत उभा राहून खेळायचो, आता सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर यायचं. मी म्हटलं, ऋतू बदलला असेल. ऋतू वर्षभर एकाच बाजूला बदलत राहत नाही, हे ज्याला कळतं तो माणूस मी नव्हे.

बायकोनं माहेरी जाऊन सांगितलं, नऊच्या नऊ पडतात. सासरे म्हणाले, "बघू की." झालं. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी, पंचगंगेच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत दोन्ही तालमींचा सामना ठरला. त्यांच्याकडून मेव्हणा, आमच्याकडून मी. प्रत्येकी तीन गोळे.

त्या दिवशी सासरे नवा फेटा बांधून, गड्यांच्या डाव्या अंगाला अगदी पुढं सतरंजीवर बसले होते. मी त्यांना वाकून नमस्कार केला. ते म्हणाले, "या पावणं. आज उभंच ऱ्हावा म्हंजे झालं." दोन्ही पेठा हसल्या. मीही हसलो, कारण आज शेवटचं हसणार कोण ते मला ठाऊक होतं.

वस्ताद बैलगाडीतून आले. नारळ फुटला. मेव्हण्यानं दोरी उलगडली, आणि तिथं घोळ झाला.

"ती काय हाय?" वस्तादांनी विचारलं.

"दोरी, वस्ताद. तुमच्याच पावलांची."

"मी काय मेलोय व्हय?" वस्ताद असे ओरडले की नदीवरच्या बायकांनी धुणं थांबवलं. "माझी पावलं मोजाय दोरी? ठेव ती तितं!"

त्यांनी काठी माझ्या हातात दिली, धोतराचा काष्टा घट्ट केला आणि गड्यांपासून चालायला सुरुवात केली. पहिलं पाऊल पडलं आणि लोकांनी एका आवाजात मोजलं, "एक!" दुसऱ्याला, "दोन!" छाती पुढं, मान ताठ, आणि एकेक ढांग अशी की दोन पेठांचा श्वास अडकला. हा आखाड्यात उतरणारा माणूस होता. वस्तादांना असं चालताना मी कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. "वीस!" झालं आणि त्यांनी टाचेनं रेघ ओढली. मेव्हण्यानं दबकत दबकत दोरी लावून पाहिली. बोटभर फरक नाही.

सासरे सतरंजीवरून अर्धे उठले. "वा वस्ताद! दोन वर्सं झाली, पन पाऊल त्येच!"

टाळ्या पडल्या. मी गोळा घेऊन रेघेवर उभा राहिलो आणि समोर पाहिलं. गडी भलतीकडंच लांब उभे होते. रोज मी ज्यांना मिशा पिळत पाडायचो ते हे नव्हतेच. एकेक करून सगळं माझ्या डोक्यात उतरलं: ती सावली, ते डोळ्यांवरचं ऊन, रोजची नवी रेघ. वस्तादांचे गुडघे दोन वर्षं हळूहळू जात होते, पाऊल आखडत होतं, आणि रेघ रोज बोटभर भिंतीकडं सरकत होती. मी सुधारलो नव्हतो. माझ्या गोळ्याला डावीकडचं काम आठवायच्या आत गडी लागत होते, एवढंच. आणि आज, परक्या पेठेपुढं, म्हाताऱ्यानं दोन वर्षांपूर्वीची वीस पावलं टाकून दाखवली होती.

पहिला गोळा सोडला. नाकासमोर गेला, गड्यांपासून पाच हातांवर आला आणि डावीकडं वळला. एकही नाही. दुसरा मी नीट हिशेब करून उजवीकडं सोडला, म्हणजे वळून मधोमध येईल. आयुष्यात पहिल्यांदा तो सरळ गेला. तिसरा कसा सोडला ते मला आठवत नाही. तो डावीकडं वळला, वळतच राहिला आणि सासऱ्यांच्या सतरंजीवर चढून त्यांच्या मांडीपाशी जाऊन थांबला.

मेव्हण्यानं सहा पाडले.

मी माझा गोळा आणायला सतरंजीपाशी गेलो. सासऱ्यांनी तो उचलला, हातात खालीवर करून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "पावणं, पोरगी म्हनत हुती रोज नऊ पडत्यात. कुठं पडत्यात, सपनात?"

हशाचा लोट उठला. मला रडू फुटायचंच बाकी होतं, आणि खरं सांगतो, वस्तादांचा एवढा राग आला होता की तिथंच काठी मोडावी. उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. रोज नऊ पडतात हे खोटं नव्हतं. अंतर खोटं होतं. एवढं एक वाक्य बोललो असतो तर सासऱ्यांनीही मान्य केलं असतं, वाटलं तर आमच्या अंगणात येऊन चिंच बघा, असं मी म्हटलं असतं. मी बोट दाखवायला म्हणून वस्तादांकडं वळलो.

ते अजून रेघेवरच उभे होते. सगळे गड्यांभोवती जमले होते आणि हा माणूस एकटा तिकडं. त्यांच्या धोतराचा घोळ हलत होता. वारा नव्हता. दोन्ही गुडघे थरथरत होते, आणि काठी माझ्याजवळ होती.

"मामा," मी म्हणालो, "हातच वाकडा हाय माझा. घरात सांगितलं ती फुशारकी हुती."

"आसंल, आसंल," सासरे म्हणाले आणि गोळा माझ्या हातात ठेवला. बायकोला माहेरात खोटं पाडलं याचं मला सर्वांत वाईट वाटलं, आणि तिनं पुढं आठ दिवस मला ते विसरू दिलं नाही.

मी काठी घेऊन पळत गेलो. वस्तादांनी ती घेतली, माझ्या खांद्यावर दुसरा हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला शिव्या द्यायला सुरुवात केली. बदाम फुकट गेले, दूध फुकट गेलं, दोन वर्षं दगडाला शिकवलं. गाडीपर्यंत ते शिव्या देत होते आणि मी त्यांना जवळजवळ उचलून नेत होतो. लोकांना वाटलं वस्ताद शिष्याचा कान धरून घेऊन चाललेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उशिरा आले. तालमीत आम्ही दोघंच. मी अंगण झाडून पाणी मारलं होतं. त्यांनी माझ्याकडून भिंतीपाशी गडी मांडून घेतले आणि पावलं मोजायला लागले. एक टाकलं, दुसरं टाकलं, आणि थांबले.

"तू मोज," ते म्हणाले.

"वस्ताद, पावलं तुमची आसत्यात."

"माझी कवाच संपली. मला काय दिसत न्हवतं व्हय रं? चिंच कुठं चालत जात न्हाय."

मी विचारलं, "मग बोलला का न्हाईसा?"

वस्तादांनी काठीनं मातीत उगीच टोकरलं. "तुला नऊ पडत हुतं, तुझं तोंड बघाय बरं वाटायचं. आनि माझी वीस म्हंजे वीस, आसं समदी म्हनायची. दोघांचंबी बरं चाललं हुतं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "काल त्येंच्याम्होरं बोलला न्हाईस. मोज आता."

मी भिंतीपासून निघालो आणि वीस ढांगा टाकल्या, चिंच ओलांडून पलीकडं. रेघ मारली. वळून पाहिलं तर वस्ताद भिंतीपाशी, गड्यांशेजारी बसले होते, बरेच लांब. मी गोळा सोडला. तो नाकासमोर गेला, पाच हातांवर आला आणि डावीकडं वळून भिंतीवर आपटला. नऊच्या नऊ गडी जागच्या जागी उभे.

वस्तादांनी गड्यांकडं पाहिलं, रेघेकडं पाहिलं आणि मान डोलावली.

"व्हय," ते म्हणाले. "आता बरोबर हाय."