माझ्या रशियातल्या शेजारणी

माझी लेक रशियात ज्या इमारतीत राहते, त्या इमारतीतल्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, आणि मी इथं कळंबला बसून त्या ग्रुपात आहे. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

लेक तिकडं डॉक्टरकी शिकते. आपल्या नेहमीच्या ॲपवरून तिला फोन लागंना झाला, तेव्हा सुट्टीला आली असताना तिनं माझ्या फोनात रशियन लोकांचं ॲप टाकून दिलं. म्हणाली, "आई, तिकडं सगळे ह्याच्यावरच असतात." सगळी अक्षरं रशियन! भाषांतराचं बटण तेवढं दाखवलं आणि जाताना इमारतीच्या ग्रुपातही घालून गेली.

शेजारीच राहणारे माझे दीर खो-खो हसले. "वहिनी, आता रशियन बायकांसंगं गप्पा मारणार व्हय?"

"मारीन की. तुमचं काय जातंय?" म्हटलं.

ग्रुपात बघते तर सगळं आपल्यासारखंच. नळाला पाणी न्हाय, कुणाची मांजर जिन्यात बसलीय, कुणी गाडी आडवी लावली म्हणून भांडण. एक दिवस पहिल्या मजल्यावरच्या बाईनं कोबीच्या लोणच्याच्या बरण्यांचा फोटो टाकला. आता शेजारणीची वाटी आली तर आमच्यात ती रिकामी परत जात न्हाय, निदान चिमूटभर साखर तरी घालतो. मग फोटो आला म्हणून गप बसायचं का? मी शेंगदाण्याची लाल चटणी उखळात कुटून तिचा फोटो टाकला. तिनं पुढच्या आठवड्यात सफरचंदाचा मुरंबा दाखवला, मी शेंगाची पोळी. बाकीच्या बायकाही त्यात आल्या. ह्यांना वाटायचं, बायकोला येड लागलंय.

गेल्या थंडीत लेकीचा फोन बंद लागला. आज लागंल, उद्या लागंल करत दोन दिस गेले. तिच्यासंगं राहणारी मैत्रीण गावाकडं गेलेली. हे अंगणात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात दीर आले आणि सोफ्यावर बसून सुरू झाले, "मी आधीच म्हणत होतो, पोरीच्या जातीला इतक्या लांब धाडू नका. सापडली की पहिलं घरी आणा. बास झालं शिक्षण."

मी फोन घेतला. लेकीचा फोटो लावला आणि भाषांतर करून ग्रुपात लिहिलं : ही पाचव्या मजल्यावर राहणारी माझी मुलगी. फोन उचलत नाही. कुणीतरी दार वाजवा.

"अहो वहिनी! तरण्या पोरीचा फोटो परक्या लोकांत टाकता? अब्रूचं काय?"

"गेली खड्ड्यात अब्रू. माझी पोरगी कुठंय ते आधी कळू द्या."

ग्रुपात कुणीतरी विचारलं, ही लिहिणारी बाई कोण? खाली लगेच पहिल्या मजल्यावरचीचं उत्तर आलं : लाल चटणीवाली. मी वर चाललेय.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते मलाच माहीत. मग पहिल्या मजल्यावरचीचा व्हिडिओवर फोन आला. लेक त्या बाईच्या स्वयंपाकघरात शाल पांघरून बसलेली. तापानं फणफणली होती. पाणी घ्यायला उठली तर चक्कर आली, फोन हातातनं पडून फुटला, आणि एकटीनं जिना उतरायचं त्राण न्हाय. त्या बाईनंच धरून खाली आणली. शेजारी ती बाई वाडग्यात गरम सूप घेऊन उभी. दोघींची भाषा मला कळत नव्हती, पण "पी गपचूप" असंच ती दटावत असणार. मी ढसाढसा रडले, सगळ्यांदेखत.

दीर फोनात डोकावले. "बघितलं? आता तरी घेऊन या पोरीला. तिथं तिचं आहे कोण?"

लेकीनं ते ऐकलं. आवाज खोल गेलेला, तरी म्हणाली, "आई, माझी परीक्षा राहिलीय."

मी डोळे पुसले. "भावजी, तुमची-आमची भिंत एक. गेल्या पावसाळ्यात मी टायफॉईडनं पडले होते, तेव्हा ह्या दारावर तुमच्या घरचं कोण आलं होतं, सांगा."

दीर उठले आणि चपला शोधायला लागले.

"पोरगी तिथंच राहणार," मी म्हटलं. "तिथं तिला शेजार आहे."